अकरा पोशाख आणि एक तांब्याचा पत्रा

सर जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्लिश चित्रकाराबद्दल एक आठवण सांगितली जाते. रटलंडची डचेस मेरी इझाबेला त्याच्यासमोर चित्रासाठी बसली, तेव्हा त्याने तिला एकामागून एक अकरा पोशाख घालून बघायला लावले. एवढं करून शेवटी तिला रंगवलं ते एका सैल झग्यात. डचेसच्या मते तो झोपताना घालायचा झगा होता. कितीतरी वर्षांनी ही गोष्ट सांगतानाही तिची कुरकुर गेली नव्हती.

चित्र १७८० च्या सुमाराचं. मेरी इझाबेला तेव्हा चोविशीत होती. व्हॅलेंटाइन ग्रीन नावाच्या छापचित्रकाराने १७८० मध्येच त्यावरून मेझोटिंट पद्धतीचं छापचित्र काढून विकायला ठेवलं. पुढे १८१६ मध्ये रटलंड घराण्याच्या बीव्हर कॅसलला मोठी आग लागली. रेनॉल्ड्सची बरीच चित्रं त्यात जळाली आणि डचेसचं हे चित्रही गेलं.

म्हणजे आज आपण ते चित्र बघतो असं म्हणतो, तेव्हा खरं तर ग्रीनचं छापचित्र बघतो. ओरिजिनल जळून गेलं, कॉपी राहिली. तैलरंगातली डचेस राख झाली आणि कागदावरची, काळ्या-करड्या शाईतली डचेस जगभरच्या संग्रहालयांत आहे. फोनवर बोटांनी मोठी करून तिच्या झग्याच्या चुण्या मोजता येतात.

अशा छापचित्रांबद्दल दोन मतं ऐकू येतात. जुनं मत असं, की ही नक्कल आहे, खरी कला मूळ चित्रात. नवं मत असं, की नक्कल म्हणून हिणवू नका, यातही निर्मिती आहे, शिवाय मूळ हरवलं की हीच आपला आधार. दुसरं मत मला पटतं, पण अर्धंच. गेले काही महिने मी ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघते आहे आणि मला वेगळीच गोष्ट खटकते. या नकलांमध्ये जवळपास सगळं टिकलंय: रेशीम, मोती, उभं राहण्याची ढब, मागचं झाड. हरवली आहे ती बाई. आणि तिला हरवणारा नक्कल करणारा नव्हता.

काळ्यातून उजेडाकडे

आधी ही पद्धत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आपल्याकडे पाटा-वरवंटा किंवा जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घेतात. दगडावर बारीक खड्डे पाडले की तो पुन्हा खरखरीत होतो आणि दळण नीट निघतं. मेझोटिंटची सुरुवात तशीच होते, फक्त दगडाऐवजी तांब्याचा पत्रा असतो. 'रॉकर' नावाच्या हत्याराला खाली गोलसर पातं आणि त्याला बारीक दात असतात. ते पत्र्यावर पाळण्यासारखं डोलवत न्यायचं. एकदा आडवं, एकदा उभं, मग तिरकं, मग उलट तिरकं. मोठ्या पत्र्याला यातच कित्येक दिवस जातात. शेवटी सगळा पत्रा काट्याकाट्यांचा होतो, आणि अशा पत्र्यावर शाई चोपडून छापलं तर कागदावर फक्त मखमलीसारखा गडद काळोख उमटतो.

चित्र इथून सुरू होतं. जिथे उजेड हवा तिथले काटे पात्याने खरवडायचे. थोडे खरवडले तर शाई थोडी कमी धरते आणि करडा रंग येतो. पूर्ण खरवडून, घोटून गुळगुळीत केलं तर शाई पुसली जाते आणि कागद पांढरा राहतो. पेन्सिलने चित्र काढताना आपण पांढऱ्यावर काळं करत जातो. इथे सगळं उलटं आहे. बाई आधीपासून अंधारात आहे, आणि कपाळ, मग नाक, मग खांदा असं एकेक करून तिला बाहेर काढायचं.

या पद्धतीला रेघ नसते. धातूवर रेघा कोरून केलेल्या चित्रात गालाची सावलीसुद्धा बारीक रेघांचं जाळं असते. मेझोटिंटमध्ये सावली सावलीसारखीच हळूहळू विरते. म्हणून तैलचित्राची नक्कल करायला ही पद्धत सगळ्यात सोयीची ठरली. सॅटिनवरची चमक, मखमलीचा खोलपणा, केसांची भुरभुर, पावडर लावलेली त्वचा हे सगळं तिला सहज जमतं. अडचण होते ती धारदार, नेमक्या गोष्टींची. ओठाच्या कोपऱ्यातली मुरड किंवा पापणीचा ताण खरवडून काढणं फार कठीण. हात जरासा जास्त चालला की चेहरा गुळगुळीत होतो. म्हणजे कापड दाखवायला अतिशय चांगलं आणि चेहरा पुसट करायला तत्पर असं हे माध्यम आहे.

आणखी एक गोष्ट. तांबं मऊ असतं. छापताना प्रत्येक वेळी दाबाने काटे थोडे थोडे मोडतात. सुरुवातीच्या छापांत काळं खरंच काळं असतं. काहीशे छाप होईपर्यंत ते राखाडी होतं आणि चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसतं. म्हणून संग्राहक पहिल्या छापांसाठी जीव टाकतात. आपल्या डिजिटल कॉपीत हजारावी प्रत पहिलीसारखीच असते. इथे प्रत्येक प्रत मूळ पत्र्याचा थोडासा भाग खाऊन जन्माला येते.

पहिली बाई

तारीख असलेलं पहिलं मेझोटिंट १६४२ चं आहे, आणि तेही एका उमराव घराण्यातल्या बाईचंच. लुडविग फॉन झीगेनने केलेलं हेसे-कासेलच्या अमालिया एलिझाबेथचं. त्याने हे छापचित्र तिच्या मुलाला अर्पण केलं.

अमालिया एलिझाबेथ कोण होती? जर्मनी तीस वर्षांच्या युद्धात होरपळत असताना १६३७ मध्ये तिचा नवरा गेला. मुलगा लहान होता. मग १६५० पर्यंत राज्य तिनेच चालवलं. सैन्य टिकवलं, तह केले, मोडले, १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात आपल्या राज्याचा वाटा पदरात पाडून घेतला.

हे चित्र बघताना तिचा इतिहास माहीत नसला तरी चालतं. भरदार चेहरा, जड हनुवटी, कुणाला खूश करायची घाई नसलेली नजर. फॉन झीगेनकडे तेव्हा रॉकर नव्हता. दातेरी चाक फिरवून, ठिपके दाट-विरळ करत तो उजेडाकडून काळोखाकडे गेला होता. त्यामुळे चित्र जरा ओबडधोबड आहे. ठिपके दिसतात, सावल्या कुठे कुठे एकदम तुटतात. तंत्राच्या हिशेबाने ही बीटा आवृत्ती म्हणावी लागेल. पण त्यात कुणीतरी आहे. हा चेहरा काढून दुसरा बसवला तर चित्राला काही अर्थच उरणार नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी तीच परीक्षा प्रत्येक चित्राला लावणार आहे. चेहरा बदलून बघायचा. काही मोडतं का?

दुकानाच्या काचेत

फॉन झीगेनकडून ही युक्ती प्रिन्स रूपर्टपर्यंत गेली आणि त्याच्याबरोबर इंग्लंडला पोचली. जॉन एव्हलिनने १६६२ मध्ये आपल्या पुस्तकात तिची ओळख करून दिली. पुढच्या शंभर वर्षांत इंग्रजांनी ती इतकी आपलीशी केली, की युरोपात तिला 'इंग्लिश पद्धत' म्हणायला लागले.

इंग्लंडमध्ये या पद्धतीला कामाला लावलं ते 'ब्यूटी' या शब्दाने. १६६० च्या दशकात यॉर्कची डचेस अ‍ॅन हाइड हिने पीटर लेलीकडून दरबारातल्या बायकांची चित्रं काढून घेतली. ती 'विंडसर ब्यूटीज' म्हणून ओळखली जातात. त्यानंतर राणी मेरी दुसरीने गॉडफ्री नेलरकडून 'हॅम्प्टन कोर्ट ब्यूटीज' करून घेतल्या. तेव्हा एका दरबारी बाईने राणीला इशारा दिला असं सांगतात. राजाने दरबारातल्या हुशार माणसांची चित्रं काढून घेतली, तर उरलेल्यांना आपण मूर्ख ठरलो असं नाही का वाटणार? बाईंचा मुद्दा बिनतोड होता. ज्यांची चित्रं निघाली नाहीत त्यांचं काय, हे त्यांनी विचारलं. ज्यांची निघाली त्यांचं काय झालं, हे बघायला आपल्याला छापचित्रांकडे जावं लागतं.

लेलीच्या बायका एकमेकींसारख्या दिसतात ही तक्रार जुनी आहे. तेच जड पापण्यांचे डोळे, तसंच घसरणारं रेशीम. त्या रंगवल्या गेल्या त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७७० च्या दशकात, थॉमस वॉटसनने विंडसर ब्यूटीजची मेझोटिंटं काढली. तेव्हा त्यांतली एकही बाई जिवंत नव्हती. गिऱ्हाइकांना त्या कोण होत्या याच्याशी देणंघेणं असायचं कारण नव्हतं. विकली जात होती ती जुन्या दरबाराची हवा.

जिवंत बायकांचा बाजार त्याहून मोठा होता. आयर्लंडहून आलेल्या मराया आणि एलिझाबेथ गनिंग या बहिणींकडे पैसा नव्हता, पण त्यांना बघायला लंडनमध्ये गर्दी लोटायची. जेम्स मॅकार्डेलने फ्रान्सिस कोट्सच्या चित्रावरून मरायाचं मेझोटिंट काढलं. १७५२ मध्ये एक बहीण काउंटेस झाली, दुसरी डचेस. मराया १७६० मध्ये गेली, वय अवघं सत्तावीस. तोंडाला लावायच्या शिशाच्या पांढऱ्या लेपाने तिचा जीव घेतला असं तेव्हापासून मानलं जातं. चेहरा छापचित्रासारखा गुळगुळीत आणि पांढरा दिसावा म्हणून ती जे लावत होती, तेच तिला भोवलं.

छापचित्रांच्या दुकानाच्या काचेत गनिंग बहिणींशेजारी किटी फिशरही टांगलेली असायची. ती उमराव घराण्यातली नव्हती. श्रीमंतांची मैत्रीण म्हणून ती गाजलेली होती. रेनॉल्ड्सने १७५९ मध्ये तिला मोती विरघळवणारी क्लिओपात्रा म्हणून रंगवलं आणि एडवर्ड फिशरने त्याचं मेझोटिंट केलं. दरबारात किटीला डचेसच्या शेजारी बसता आलं नसतं. काचेत दोघी एकाच मापाच्या कागदावर, एकाच शाईत, शेजारी-शेजारी होत्या. यात मला थोडी गंमत वाटते आणि थोडी भीतीही. बाजाराने दोघींना समान केलं खरं, पण माणूस म्हणून नव्हे, माल म्हणून.

डोकं बदलून बघा

आता परीक्षा. आणि ती मी शोधून काढलेली नाही, एका चित्रकाराने ती प्रत्यक्षात करूनच ठेवली आहे.

रेनॉल्ड्सने बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी लेडी कॅरोलाइन रसेल हिचं चित्र काढलं. ती बसलेली आहे, मांडीवर छोटं कुत्रं आहे. मॅकार्डेलने त्याचं मेझोटिंट केलं. ते छापचित्र जहाजात बसून अटलांटिकपार बॉस्टनला पोचलं. तिथे जॉन सिंगलटन कॉपली नावाचा तरुण चित्रकार होता. १७७४ पर्यंत त्याने अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे रेनॉल्ड्सचं मूळ चित्र त्याने पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्याच्याकडे होता तो काळा-पांढरा कागद.

१७६३ च्या सुमाराला कॉपलीने मिसेस बोवर्स या स्थानिक बाईंचं चित्र रंगवलं. ते आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बसण्याची ढब तीच, पोशाख तोच, हात तसेच, मांडीवरचं कुत्रंसुद्धा तेच. बदललंय फक्त डोकं. छापचित्रात रंग नसल्यामुळे रंग कॉपलीने आपल्या मनाने भरले.

कॉपलीने हे पहिल्यांदा केलं असंही नाही. १७५३ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याने मिसेस मान यांचं चित्र काढलं होतं. त्यातली ढब आयझॅक बेकेटच्या मेझोटिंटमधून घेतलेली, आणि ते मेझोटिंट विसिंगने सतराव्या शतकात काढलेल्या राजकन्या अ‍ॅनच्या चित्रावरून. म्हणजे लंडनच्या राजवाड्यातली एक ढब साधारण सत्तर वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या बाईच्या अंगावर आली.

आपल्याला ही चोरी वाटेल. तेव्हाच्या लोकांना वाटली नाही. गिऱ्हाइकालाही बहुधा हेच हवं होतं: मला लंडनच्या लेडीसारखं दाखव. आमच्या कामात याला टेंप्लेट म्हणतात. ढाचा ठरलेला असतो, मधे एक रिकामी जागा सोडलेली असते, तिथे नाव घातलं की पान तयार. इथे रिकामी जागा चेहऱ्याची होती.

पण मला कॉपलीला दोष द्यायचा नाही. त्याने डोकं बदललं आणि चित्रात काहीही मोडलं नाही, हे महत्त्वाचं. कुत्रं तसंच बसलं, रेशीम तसंच चमकलं. मोडलं नाही, कारण मुळात लेडी कॅरोलाइनचा चेहरा त्या शरीराशी बांधलेलाच नव्हता. रेनॉल्ड्सनेच तो वरून ठेवला होता. कॉपलीने फक्त ते आपल्याला दाखवून दिलं.

रेनॉल्ड्सने हे लपवलंही नाही. रॉयल अ‍ॅकॅडमीतल्या आपल्या व्याख्यानांत त्याने सांगितलं होतं, की बाईच्या चित्राला भारदस्तपणा द्यायचा तर तिला चालू फॅशनच्या कपड्यांत रंगवू नये, प्राचीन पुतळ्यांची आठवण होईल असं काहीतरी घालावं. रोजचे कपडे फार ओळखीचे असतात, ते भारदस्तपणा घालवतात. अकरा पोशाखांची गोष्ट इथे उलगडते. डचेसने आणलेले पोशाख तिचे होते, १७८० चे होते. रेनॉल्ड्सला कुठल्याच काळाची नसलेली बाई हवी होती. डचेसला तो झगा झोपायचा वाटला, यात तिचं अज्ञान नव्हतं. आपल्याला आपल्यातून काढून टाकलं जातंय, हे तिला बरोबर कळलं होतं.

मग ग्रीनने काय केलं? त्याने समोर होतं ते इमानेइतबारे खरवडलं. रेनॉल्ड्सचे लाल रंग कच्चे होते, त्याच्या हयातीतच चेहऱ्यांवरची लाली उडायला लागली होती. ग्रीनने मात्र चित्र ताजं असताना पाहिलं आणि त्याचा उजेड-अंधार तांब्यावर पक्का केला. त्या अर्थाने तो रेनॉल्ड्सपेक्षा टिकाऊ ठरला. पण जे चित्रात नव्हतंच ते तो कुठून आणणार?

तीन बहिणी, एक धागा

हे सगळं इतकं सरळ नाही, हे मला वॉल्डग्रेव्ह बहिणींच्या चित्राने शिकवलं. रेनॉल्ड्सने ते १७८०-८१ मध्ये काढलं आणि ग्रीनने १७८१ मध्ये छापलं. मूळ चित्र आज एडिंबरोत आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

होरेस वॉलपोलने आपल्या तीन नातींचं (पुतणीच्या मुलींचं) हे चित्र काढून घेतलं. तिघींचीही तेव्हा लग्नं व्हायची होती. पांढरे झगे, पावडर लावून उंच बांधलेले केस, तीन डोकी तीन बाजूंना वळलेली. एक रेशमाची लड हातांवर धरून बसली आहे, दुसरी ती पुठ्ठ्यावर गुंडाळते आहे, तिसरी गोल चौकटीवर भरतकाम करते आहे. घरंदाज, कामसू, लग्नाच्या मुली. आपल्याकडचे लग्नासाठी काढलेले फोटो आठवले, तर फार चुकलं असं मी म्हणणार नाही.

मूळ चित्रात मागचा लाल पडदा डोळ्यांना धरून ठेवतो. छापचित्रात तो लाल रंग गेला आणि पडदा अंधारात मिसळला. उरला तीन पांढऱ्या आकृतींचा गट, आणि दोघी बहिणींच्या हातांमधून जाणारा तो धागा. रंगीत चित्रात धागा शोधावा लागतो. काळ्या-पांढऱ्यात तो चित्राचा कणा होतो. तिघींचं लक्ष हातातल्या कामात आहे, आणि त्या कामाने त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत.

इथे डोकी बदलून बघा. चेहरे बदलले तरी फारसं बिघडणार नाही, कारण तिघी जवळजवळ एकाच साच्यातल्या आहेत. पण हात बदलता येणार नाहीत. एकीने लड सोडली तर दुसरीचं काम थांबेल. ग्रीनच्या नकलेत हे मूळ चित्रापेक्षा स्पष्ट दिसतं, आणि ते दिसलं की ती लग्नाची जाहिरात न राहता घरातली एक दुपार होते. नक्कल मूळ चित्राच्या पुढे जाऊ शकते ती अशी, नवं काही न घालता, फक्त काही गोष्टी गळून गेल्यामुळे.

खालची अक्षरं

छापचित्राच्या खाली एक पट्टी असते. डावीकडे चित्रकाराचं नाव आणि लॅटिनमध्ये 'रंगवलं'. उजवीकडे छापचित्रकाराचं नाव आणि 'कोरलं' किंवा 'केलं'. मधे मोठ्या अक्षरांत बाईची पदवी. त्याखाली प्रकाशकाचा पत्ता आणि तारीख.

ती तारीख शोभेची नाही. १७३५ च्या कायद्याने छापचित्रांना नकलेपासून संरक्षण मिळालं, आणि ते प्रकाशनाच्या दिवसापासून मोजलं जाई. दुसऱ्याच्या चित्रावरून छापचित्र करणाऱ्यांना १७६७ च्या कायद्याने २८ वर्षांचा हक्क दिला. चित्रकाराचं नाव झालं, छापचित्रकाराचा हक्क झाला, प्रकाशकाचा धंदा झाला. जिचा चेहरा आहे तिचा या हिशेबात कुठेच उल्लेख नाही. तिच्यापुरती एक पदवी आहे, तीसुद्धा बहुतेक वेळा नवऱ्याकडून आलेली.

छापचित्रकारांनाही सगळं मिळालं असं नाही. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अ‍ॅकॅडमीने त्यांना पूर्ण सभासद करून घेतलं नाही, 'असोसिएट' या दुय्यम रांगेत बसवलं. नक्कल करणारे म्हणून. सॅम्युअल कझिन्स हा पूर्ण सभासद झालेला पहिला छापचित्रकार, तेही १८५५ मध्ये. याच अ‍ॅकॅडमीच्या पहिल्या अध्यक्षाने, म्हणजे रेनॉल्ड्सने, मॅकार्डेलमुळे आपण अमर होऊ असं म्हटल्याचं सांगितलं जातं.

या चित्रांची सगळ्यात मोठी यादी ज्याने केली, त्याची ओळख झाल्यावर मला फार आनंद झाला. जॉन चॅलोनर स्मिथ हा आयर्लंडमधला रेल्वे इंजिनिअर. दिवसा रूळ आणि पूल, उरलेल्या वेळात मेझोटिंट. १८७८ ते १८८३ या काळात त्याने ब्रिटिश मेझोटिंट व्यक्तिचित्रांची चार भागांची सूची काढली. संग्राहक आजही तिचे क्रमांक वापरतात. प्रत्येक चित्राच्या 'अवस्था' त्याने नोंदवल्या आहेत: अक्षरं कोरण्याआधीचा छाप, कोरल्यानंतरचा, पत्ता बदलल्यानंतरचा. रोज कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या माणसाला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटतं.

पण तीच नोंद दुसऱ्यांदा वाचली की जरा थांबायला होतं. धड कुठल्या बाजूला, चेहरा कुठे वळलेला, नजर कुठे, केसांत काय, गळ्यात काय, हात कुठे. सगळ्या बायकांसाठी तेच रकाने. स्मिथची चूक नव्हती, सूची अशीच करायची असते, मीही अशीच केली असती. तरी मला वाटतं, ही चित्रं मुळात रकान्यांत भरण्याजोगी होती म्हणून ती इतकी नीट भरली गेली. अमालिया एलिझाबेथच्या नजरेसाठी रकाना करायला कुणालाही जड गेलं असतं.

पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, श्रीमंतांमध्ये या छापचित्रांची लाट आली. तेव्हाही रेनॉल्ड्सच्या डचेस आणि काउंटेस महाग, बिशप आणि न्यायाधीश स्वस्त. तीच शाई, तेवढंच कष्टाचं काम. भाव ठरवत होता तो जुना 'ब्यूटी' हा शब्दच.

ती तेव्हा साठ वर्षांची होती

बीव्हर कॅसलला आग लागली तेव्हा मेरी इझाबेला साठ वर्षांची होती. नवरा जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. ती पुढे आणखी पंधरा वर्षं जगली, १८३१ पर्यंत. म्हणजे स्वतःचं चित्र जळालेलं तिने अनुभवलं. त्यानंतर तिची चोविशीतली मूर्ती फक्त ग्रीनच्या कागदांवर उरली, आणि ते कागद कुणाकुणाच्या घरी, कुणाकुणाच्या संग्रहात होते. तो न आवडलेला झगा आता कायमचा झाला होता.

पण अकरा पोशाखांची गोष्टही राहिली. ती तिने सांगितली म्हणून राहिली. छापचित्राच्या खालच्या पट्टीत ती नाही, स्मिथच्या रकान्यांत बसण्यासारखी नाही. तरी ती माहीत असली, की चित्र वेगळं दिसतं. सैल झग्यातल्या त्या उंच, शांत डचेसमागे मला पलंगावर पडलेले अकरा पोशाख दिसतात, आणि हात उंचावून पुन्हा एकदा कपडे बदलणारी, कंटाळलेली चोवीस वर्षांची मुलगी.

ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी यांच्या ऑनलाइन संग्रहांत अशी हजारो छापचित्रं आहेत. कधी उघडलीत तर आधी खालची पट्टी वाचा, तिथे कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. मग फोनवर चित्र मोठं करा आणि चेहऱ्यावर न थांबता हातांकडे जा. आणि जमलं तर चेहरा अंगठ्याने झाकून बघा, चित्रात काही मोडतं का.